साहेबांना फुकट मासळी

कारखान्यांच्या सांडपाण्याने नवापूरच्या खाडीत मासे मरू लागले, तेव्हा आम्ही प्रदूषण खात्याच्या बोईसरच्या कार्यालयावर मोर्चा नेला. साहेबांनी हसत निवेदन घेतले, वर सगळ्यांना चहा पाजला. एवढा पाहुणचार पाहून मला तिथेच संशय आला.

"पाणी तपासलंय. अगदी स्वच्छ आहे," साहेब म्हणाले.

मासळी विकणारी माझी मावशी पुढे झाली. तिने टोपलीतले त्याच खाडीतले ताजे मासे टेबलावर मांडले. "मंग घरी न्या ना, साहेब. तुमालाच आणलेत. पैसं नाय घेणार."

साहेबांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली.

आठवडाभर खाडी निवळली, मग पुन्हा फेसाळली. मावशी अजूनही अधूनमधून भेटीची टोपली घेऊन साहेबांच्या दारात बसते. ती बसते त्या दिवशी म्हणे खाडीचं पाणी स्वच्छ असते. मला त्याचाही संशय येतो.