विचारून ठेवलेला हात

दोंडाईचा स्टेशनावर आईने मला इतकं घट्ट आवळलं की हातातल्या दोन बांगड्या वाढल्या. लग्नाला महिनाही झाला नव्हता. मावशीने गालावरून हात फिरवला, चुलतीने पदर सारखा केला, कुणी पाठीत हलका धपका घातला. सुरतची गाडी हलली तरी आईने खिडकीतून माझं मनगट धरलेलंच होतं. "तिथे रडत बसू नको," ती म्हणाली, "तिथे डोळे पुसायला कोणी नाही."

गावाकडच्या माणसांनो, आणि माझ्यासारखंच सुरतच्या लिंबायत-उधन्यात येऊन राहिलेल्यांनो, हे तुम्हालाच सांगते आहे. कारण एक गोष्ट मला अजून नीट कळलेली नाही.

यांना पलसाण्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये काम होतं. मी घरी साड्यांवर खडे चिकटवायचे. मुलगी शाळेत जायला लागल्यावर अडाजणच्या एका मसाज सेंटरमध्ये लागले. आई गावात बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायची, तो हात माझ्यात उतरला आहे. सेंटरच्या मालकीणबाईंना सगळे 'बेन' म्हणतात. त्यांनी स्वतःचा खांदा माझ्यापुढे केला, दोन मिनिटं पाहिलं आणि मला ठेवून घेतलं.

पण त्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते हात मागे घ्यायला. "पहेला पूछो," त्या म्हणायच्या. मोठा धक्का बसलेल्या माणसाचं शरीर पहाऱ्यावर उभं असतं, त्याला जोर लावून सैल करता येत नाही. म्हणून आधी विचारायचं. हात कुठे ठेवणार ते सांगायचं. दार त्याला दिसेल असं ठेवायचं. तो 'बस' म्हणाला की तिथेच थांबायचं, कारण विचारायचं नाही. मला मनातून हसू यायचं. आईने आयुष्यात कोणत्या बाळंतिणीला विचारलं होतं?

मग मिलमध्ये वाफेची नळी फुटली. यांच्या शेजारी उभा असलेला गडी गेला. यांना हातावर थोडं भाजलं, ते महिन्याभरात भरून आलं. पण कुकरची शिट्टी झाली की हे ताटावरून उठून गॅलरीत जायचे. मुलगी मागून गळ्यात पडली तर अंग आक्रसून घ्यायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मनातलं बोलायला एका ताईंकडे पाठवलं. हे गेले, पण बोलले थोडंच.

तेव्हा गावाहून सासूबाई आल्या. आल्या त्याच दिवशी दुपारी त्यांनी तेल कोमट केलं आणि यांना पालथं झोपवून पाठ चोळायला घेतली. मी भाजी चिरत होते. सहज पाहिलं तर यांच्या मुठी वळलेल्या, डोळे उघडे, आणि पाठ वरखाली होत नव्हती. श्वास धरून पडले होते. सेंटरमध्ये अशी माणसं मी पाहिली होती. मी उठले आणि सासूबाईंचा हात धरला. मीच थांबा म्हणाले. आधी त्यांना विचारा, असंही म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मना पोऱ्याले हात लावाले माले इचारनं पडी का वं?"

पोटच्या पोराला हात लावायला विचारायचं? मी धरलेला त्यांचा हात सोडला. यांनी उठून शर्ट घातला आणि बाहेर गेले. सासूबाई पंधरा दिवस राहणार होत्या, तिसऱ्या दिवशी परत गेल्या. तेलाची वाटी तशीच राहिली होती.

त्यानंतर मी यांना रोज विचारायला लागले. हात लावू का? पहिल्यांदा हे हसले, बायको असं विचारते का म्हणाले. मग रोज 'नको'. मी 'बरं' म्हणायचे आणि बाजूला बसायचे. आत कुठेतरी राग यायचा. सेंटरमध्ये अनोळखी बाईचं 'नको' मला सहज चालायचं, घरातलं चालत नव्हतं. सासूबाईंचं मला तेव्हा थोडं कळलं. एका रविवारी यांनी टीव्ही बघता बघता उजवा पाय माझ्याकडे सरकवला. "फक्त तळवा," म्हणाले. मी तळव्यावर नुसता हात ठेवला, चोळलं नाही. थोड्या वेळाने यांनी लांब श्वास सोडला. मग म्हणाले, "बस." मी हात काढला. एवढंच झालं, पण त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सुखाने की कशाने, ते सांगता येत नाही.

यंदा अक्षय्य तृतीयेला आम्ही गावी गेलो. सासूबाई माझ्याशी बेतानेच बोलत होत्या. संध्याकाळी हे ओट्यावर बसले होते. सासूबाई बाहेर आल्या, यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि परक्या घरी पाणी मागावं तसं विचारलं, "हात लावू का रे?"

हे त्यांच्याकडे पाहत राहिले. "नको, माय," म्हणाले. "नुसती बस आठे."

सासूबाई तिथेच ओट्यावर बसल्या. दोन्ही हात त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरून ठेवले होते. मी दारात उभी राहून बघत होते. एका आईला मी लेकाच्या अंगाला परकं केलं, की त्याला तिच्याजवळ बसता येईल असं केलं? अजून ठरत नाही. सुरतेत मला गावचा, न विचारता लागणारा हात आठवतो, आणि गावी गेले की कुणी न विचारता खांदा धरला तर मीच दचकते. घर कोणतं, हे मला विचाराल तर दोन्हींपैकी एकाकडेही बोट दाखवता येत नाही.

एवढंच सांगते, त्या संध्याकाळी हे 'नको' म्हणाले आणि उठून गेले नाहीत. अंधार पडेपर्यंत दोघं तिथेच बसली होती.