तालुका न सोडता दोन विद्यापीठं

कॅम्पस बघायला लोक विमानाने जातात. आम्ही काकाची स्कूटर घेतली.

झालं असं, की माझी चुलत बहीण रेवा, तिला एकाच वेळी दोन विद्यापीठांत जागा मिळाली. दोन्ही अशी, की नाव सांगितलं की समोरचा आधी भुवया वर करतो आणि मग पेढे मागतो. एक डोंगरात, छोटंसं, सगळे एकाच आवारात राहणारे. दुसरं दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात, अवाढव्य. विषय तोच, नाव तेवढंच मोठं. कोणतं घ्यायचं ते दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. दोन्हीकडे जाऊन यायला वेळ कुठला! मग मला सुचलं, तिथे शिकणारी पोरं सुट्टीला घरी आलीयत. एक आचोळ्यात, एक विरारला. कॅम्पसच आपल्या दारात आलंय.

निघताना काकीने, म्हणजे रेवाच्या आईने, मला बाजूला घेतलं. "रँक-बिंक मला कळत नाही गं. हिला तिथे बघणारं कोण आहे, तेवढं बघून ये. तू सांगशील तिथे पाठवते."

आता यातली गोची सांगते. रेवा बोलत नाही. विचारलं तर उत्तर देते, तेही मोजकं. आमची वाडी वसईजवळ, निर्मळला. केळी, चाफा, एका अंगणात चार घरं, दारं दिवसभर उघडी. आमच्यात कोणी उशिरा एकटं जेवायला बसलं, की घरातलं कोणीतरी त्याच्या समोर येऊन बसतंच. बोलायला पाहिजे असं नाही. वाढायचं आणि बसायचं. अशा घरातली ही अबोल पोरगी परक्या गावात काय करणार, या काळजीने मीही पोखरले गेले होते. त्यामुळे माझं मत हेल्मेट घालायच्या आधीच ठरलं होतं. जिथे माणसं जास्त जवळ, तिथे रेवा.

आचोळ्याला जायचं तर सकाळी लवकर निघा, नाहीतर सोपाऱ्याच्या पुलावर उभ्या उभ्या म्हातारे व्हाल. पार्किंगही रस्त्यावर शोधू नका, सोसायटीच्या वॉचमनकाकांशी गोड बोला. तिसऱ्या मजल्यावर ओंकार राहतो, डोंगरवाल्या कॅम्पसचा, दुसऱ्या वर्षाला. त्याची आई मूळची कणकवलीची. आम्ही टेकायच्या आत गरम आंबोळ्या आल्या.

"एकदम फॅमिली आहे तिकडे," ओंकार सुरू झाला. "तुझा बर्थडे तुझ्या आधी दुसऱ्यांना माहीत असतो. बोअर व्हायचा सवालच नाही."

"फॅमिली तिकडे, आणि आम्ही कोण?" त्याची आई किचनमधून. "आल्यापासून फोनला चिकटलाय. म्हटलं, तिकडेच घरजावई होऊन जा."

रेवाने इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. "मेसमध्ये एकटं बसून जेवलं तर?"

"एकटं?" ओंकार हसायला लागला. "बसूच देणार नाहीत! ताट उचलून आपल्या टेबलावर नेतात. रूमची कडी लावून बसलं तरी दार वाजवतात. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. नाही उघडलं, तर वर्षभर ऐकवतात, भाव खातो म्हणून."

मी मनात म्हटलं, अरे ही तर आपली वाडीच! काकीला तिथूनच मेसेज टाकायला मी फोन काढला, मग म्हटलं, विरारही बघून घेऊ. रेवाने चावणं थांबवलं होतं, ते मी बघितलं. वाटलं, मिरची लागली असेल.

तिथून विरार, जीवदानीचा डोंगर उजव्या हाताला ठेवून. रस्त्याचं काम सुरू आहे, धूळ खा. पुलावरून पश्चिमेला उतरलं की बोळिंजच्या पुढे उंचच उंच इमारती लागतात. श्रुतीचं घर एकोणिसाव्या मजल्यावर. ती शहरवाल्या कॅम्पसला, शेवटच्या वर्षाला. घरात ती एकटीच होती. आई-बाबा दोघं नोकरीला, त्यामुळे चहा तिनेच केला आणि चक्क बशीत खारी दिली.

रेवाने तोच प्रश्न विचारला. श्रुतीने कप खाली ठेवला.

"खरं सांगू? पहिले दोन महिने मी एकटीच जेवले. कोणी बघतसुद्धा नाही गं. हजारो लोक आहेत."

"रडलीस?" मी.

"रडले ना! आईला सांगायचे, सर्दी झालीय. मग एका दुपारी मीच एकीच्या समोर ताट घेऊन जाऊन बसले. तिला मराठी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. आता तिच्याशिवाय माझं पान हलत नाही."

"आणि नसतीस जाऊन बसली, तर?" रेवाने विचारलं.

"तर नसते बसले. तिकडे कोणाला काही प्रॉब्लेम नसतो."

लिफ्टमध्ये मी म्हटलं, "बाप रे. दोन महिने! हे कॅन्सल." रेवा मजल्यांचे आकडे उतरताना बघत राहिली.

परतीला आगाशीवरूनच या. तिथे भुजिंग घ्या, म्हणजे निखाऱ्यावरचं चिकन पोह्यांत परतलेलं. दोघींना अडीचशे रुपयांत झालं आणि उरलं. आम्ही पार्सल घेऊन राजोडीच्या किनाऱ्यावर सुरूंच्या सावलीत बसलो. आठवड्याच्या मधल्या वारी जा. किनारा आपल्याच बापाचा असल्यासारखा मिळतो.

"तर मग डोंगर," मी म्हटलं.

"शहर," रेवा म्हणाली.

"अगं, तिथे तुला एकटीला जेवावं लागेल! सकाळपासून तूच विचारतेयस ना?"

"म्हणूनच विचारत होते, ताई. जेवता येतं का ते."

मी पोहे हातात धरून बसले.

मग ती बोलली. आयुष्यात माझ्याशी सलग बोललेली तिची ती सगळ्यात लांब गोष्ट. "मला पळून नाही जायचंय. मला वाडी आवडते. पण माझी सगळी माणसं मला आयती मिळालीयत. आई-बाबा, काका-काकी, तू. एक माणूससुद्धा मी स्वतः जाऊन मिळवलेलं नाही. मला जमतं का तेच माहीत नाही. त्या डोंगरावर परत सगळे आयते मिळतील, आणि मी परत गप्प बसेन."

"आणि दोन महिने कोणीच नाही मिळालं तर?"

"तर मलाही सर्दी होईल." हसली. डोळे भरले होते, पण हसली.

मी तिला गप्प समजत होते, कारण आम्ही तिच्या आधी बोलून टाकत होतो.

घरी आलो तेव्हा काकी ओट्याशी कोलीम, म्हणजे बारीक जवळा, परतत होती. मागे न बघताच विचारलं, "काय ठरलं?"

मी म्हटलं, "शहरवालं. रेवाने ठरवलंय."

"तिथे हिला कोण आहे?"

खोटं बोलणं सोपं होतं. श्रुती आहे, म्हणता आलं असतं. पण श्रुतीचं शेवटचं वर्ष. "अजून कोणी नाही, काकी. ती शोधणार आहे."

काकीने गॅस बारीक केला. दारात उभ्या असलेल्या रेवाकडे बघितलं, बराच वेळ. रेवानेही नजर काढली नाही.

"बरं," काकी म्हणाली. "दिवाळीला तिकडून कुठली गाडी आहे, ते बघ मग. तिकिटं लगेच संपतात."

मी बघितलं. थेट गाडी आहे. वसईला थांबते.