खाकी विणणारे काका

हिंगणघाटला मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धाचा धडा काही केल्या आमच्या डोक्यात शिरेना, म्हणून गुरुजींनी एक दिवस गिरणीतल्या एका विणकरालाच वर्गात आणलं. नाव कोणी सांगितलं नाही, आम्ही आपलं काका म्हणालो. उंच, किंचित वाकलेले. बोलताना अंगठा बोटांवर सारखा फिरवायचे, जसं काही सूतच तपासताहेत.

"काका, तुम्ही बंदूक चालवली?" पुढच्या बाकावरच्या पोरानं विचारलं.

"नाई रे, माग चालवला. फौजेसाठी खाकी विणली, ताग्यावर तागे. अन् बाजारात कापड नाई! घरी माह्या मायले अन् बायकोले मिळून एकच लुगडं. एक बाहीर गेली का दुसरी दार लावून बसे."

पोरं खो-खो हसली. घरची अब्रू अशी वर्गात मांडायला काय छाती लागते, ते मला आज कळतं. काका जागचे हलले नाहीत.

"हासा लेकहो! पण आज घरी मायले विचारजा, लढाईत तिचे काय हाल झाले. उद्या इथं सांगजा. मी ऐकाले येतो."

मी विचारलं. भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. "तू लढाईतच झाली. तुले गुंडाळायले घरात फडकं नव्हतं. तुह्या बापानं अंगातला सदरा फाडला."

दुसऱ्या दिवशी काका दारात उभे होते. कोणी हसलं नाही. गुरुजींनी विचारलं, "महायुद्धाचं कोण सांगतं?"

सगळ्यांच्या आधी मी उठले, आणि बाबांच्या सदऱ्यापासून सुरुवात केली.