पक्कं किती, कच्चं किती

"पगाराची अपेक्षा काय?" असं त्या माणसाने विचारलं, तेव्हा मी हसून म्हणाले, "तशी खास काही नाही. तुम्ही योग्य तेच द्याल." बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली बाई मी, आणि हे बोलले! आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे असंच म्हणतात. आमची काही अपेक्षा नाही. आणि अपेक्षा भरपूर आहे, हे मुलीच्या बापाने ओळखायचं असतं. माझ्या लग्नात मात्र सासूबाईंनी सरळ सांगून टाकलं होतं की मुलीने नोकरी सोडायची नाही, बाकी आम्हाला काही नको. माझे वडील घरी येऊन दोन दिवस विचार करत बसले, की यात नक्की काय दडलंय. सिंगापुरात बसलेल्या त्या भरतीवाल्या माणसाला बैठकीची रीत कुठून ठाऊक असणार? त्याने माझं बोलणं खरं मानलं.

शुक्रवारी दुपारी सिंगापूरच्या नोकरीचं पत्र आलं. नवऱ्याचं बदनापूरला खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्याने आकड्याचे रुपये करून पाहिले, कॅल्क्युलेटर पुसून पुन्हा केले, आणि थेट पेढेच आणले. पेढा तोंडात असतानाच मी पत्राची पुढची पानं वाचायला घेतली. एकूण रक्कम मोठी होती, पण तिच्यात वर्षाचा बोनसही धरलेला होता. महिन्याचा ठरलेला पगार वेगळा काढला तर तो बराच लहान दिसत होता.

तिथला नियम असा, की नवरा-मूल सोबत न्यायचं तर महिन्याचा ठरलेला पगार सरकारने आखलेल्या रेषेच्या वर लागतो. बोनस त्यात मोजत नाहीत. माझा ठरलेला पगार त्या रेषेच्या जरासा खाली होता. म्हणजे मी जाऊ शकत होते, माझी चार वर्षांची मुलगी येऊ शकत नव्हती.

"वर्षभराचा तर प्रश्न आहे," नवरा म्हणाला. "पगार वाढला की आम्ही येऊच. तोवर ती माझ्या आईपाशी राहील. तसंही ती आईपाशीच झोपती."

माझं डोकंच फिरलं. वर्ष म्हणजे काय असतं, ते मला विचारा. ती आठ महिन्यांची असताना मी तिला सासूबाईंकडे ठेवून पुण्याला कामावर रुजू झाले होते. दिवाळीला आले तर माझ्याकडे बघून रडायला लागली आणि सासूबाईंच्या पदराआड लपली. तीन दिवस माझ्याकडे आली नाही. तेव्हा भांडून मी घरून काम करायची परवानगी मिळवली आणि इथे येऊन राहिले. पुन्हा त्या पदराकडे बघत बसायची माझ्यात ताकद नव्हती.

पण मागायचं तरी कसं? मीच काही अपेक्षा नाही म्हणाले होते. आता तोंड उघडलं आणि त्यांनी पत्रच मागे घेतलं तर? त्या माणसाच्या फोनवरच्या शब्दावर विसंबून मी पुण्याच्या कंपनीत राजीनामाही टाकून बसले होते. सोमवारी सकाळी त्याला हो की नाही ते सांगायचं होतं. शनिवारभर मी कुणाशी धड बोलले नाही. खरं सांगते, सासूबाईंचाही मला राग येत होता. नात आपल्यापाशी राहणार म्हणून त्यांना आतून बरंच वाटत असेल, असं मला वाटत होतं.

सासरे गेल्यापासून आमच्या मोसंबीच्या बागेचा सौदा सासूबाई करतात. व्यापारी त्यांना वचकून असतात. रविवारी सकाळी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"दोन दिवसांपून तोंड पाडून बसलीस. काय लिव्हलंय त्या कागदात?"

मी सांगितलं. त्यांना बाकीचं नको होतं.

"पक्कं किती न् कच्चं किती, ते सांग."

"महिन्याचा पगार पक्का. बोनस कंपनीचं बरं चाललं तर."

"मंग ते कच्चंच. त्याला म्हणावं, कच्च्यातलं काढ न् पक्क्यात टाक. त्याच्या घरून काय जाऊन राह्यलं?"

"आणि नाही म्हणाला तर? मी राजीनामा दिलाय, आई."

"त्याला ठाव हाये का ते?"

"नाही."

"मंग झालं. चार येळा मुलाखत घेतली न् तुझी? झाड न् झाड बघून गेलेला व्यापारी जल्दी उठून जात न्हाई. आकडा सांगायचा न् गप बसायचं. कारण सांगू नको. कारण सांगितलं का माणूस कारणाशी भांडत बसतो."

"पण मुलगी लहान आहे, हे तरी..."

"बिलकुल न्हाई. पोरीचं नाव काढलं का तो इचारीन, घरी कोन हाये सांभाळायला. मंग काय सांगशील?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी हाये, हे त्याला कळलं का तुझा सौदा मोडला," त्या म्हणाल्या आणि गुरांना पाणी दाखवायला उठून गेल्या.

शुक्रवारपासून मी त्यांच्याबद्दल काय काय विचार करत होते, ते आठवून मला लाज वाटली. त्या काही न बोलता नुसत्या बसून राहिल्या असत्या, तरी पोरगी त्यांच्यापाशीच राहिली असती.

सोमवारी साडेआठला मी वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. रेंज तिथेच येते. दार उघडं होतं. बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर सासूबाई मुलीला गुडघ्यांत धरून तिची वेणी घालत होत्या.

मी म्हणाले, "एकूण रक्कम तुमची तीच राहू द्या. बोनसमधला भाग ठरलेल्या पगारात घाला. ठरलेला पगार एवढा हवा." आणि आकडा सांगितला.

पलीकडे शांतता. मला बोलावंसं वाटत होतं, इतकं की मी जीभ दातांत धरली. जमत नसेल तर राहू द्या, असं अगदी ओठांवर आलं होतं. तो म्हणाला की कंपनीचे नियम असतात, सगळ्यांना एकच साचा असतो. मी पुन्हा तोच आकडा सांगितला आणि गप्प बसले.

मग त्याने विचारलं, "कुटुंबाला सोबत आणायच्या पाससाठी मागताय ना?" माझ्यासारख्या कितीतरी बायका त्याने पाहिल्या असणार.

"हो," मी म्हणाले. खोटं कसं बोलणार?

"पहिल्या वर्षापुरतं मुलांना सांभाळायला घरी कोणी नाही का? बरेच जण तसंच करतात."

मी दाराकडे पाहिलं. सासूबाई खाली मान घालून पेड घालत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही.

"नाही," मी म्हणाले. "घरी कोणी नाही."

त्याने मला थांबायला सांगितलं. पाच मिनिटं कानात कसलंतरी संगीत वाजत राहिलं. मग तो परत आला आणि म्हणाला, ठीक आहे, तसं करू, नवीन पत्र दुपारपर्यंत पाठवतो.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

"झालं, आई. पक्क्यात टाकतो म्हणाला."

"कागद आल्याबिगर पेढे आणू नको म्हनावं तुझ्या नवऱ्याला," त्या म्हणाल्या. मुलगी हसली. वेणी पुरी झाली होती, टोकाला लाल रिबीन बांधून झाली होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "इचारलं का त्यानं, घरी कोन हाये म्हनून?"

"विचारलं."

"मंग?"

"कोणी नाही म्हणाले."

"बराबर बोललीस."

मुलगी उठायला लागली, तशी त्यांनी तिचा खांदा धरून तिला खाली बसवलं. रिबीन सोडली, वेणी सोडली, आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.