धूर हुंगणारे मामा

गाडी सुरू करायला लावायची, सायलेन्सरमागे उकिडवं बसायचं आणि आरती घ्यावी तसा दोन्ही तळव्यांनी धूर ओढून नाकाशी न्यायचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या डिझेल मेस्त्रीची गाडी तपासायची हीच रीत. सगळे त्यांना मामा म्हणत. मी टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवण्याचं काम बघतो, त्यामुळे आमचा म्हातारा टेम्पो आणि मी, दोघंही त्यांचे कायमचे गिऱ्हाईक.

"धूर खोटं बोलत न्हाय," ते म्हणायचे. निळा असला तर ऑइल जळतंय, काळा असला तर डिझेल नीट जळत नाही, एवढं तुम्हीआम्हीही सांगू. दोष नेमका कुठं, हे मामा वासावरून सांगत आणि बहुतेक वेळा बरोबर निघे. चुकलंच, तर गाडी चुकलेली असे.

मी त्यांना मास्क आणून दिला. तो त्यांनी हनुवटीला लावला. नाक बांधल्यावर बघायचं कशानं, हा त्यांचा सवाल. शिवाय गूळ होताच. गुळानं छातीतलं काळं खाली उतरतं, यावर धुळीत आणि धुरात काम करणाऱ्या सगळ्यांचाच विश्वास. मामा दर गाडीला गुळाचा एक खडा खात, आणि गाड्या काही कमी नसत.

खोकला फार वाढला तेव्हा मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. धुरातली काजळी इतकी बारीक, की नाकाला चुकवून थेट फुप्फुसात जाऊन बसते, तिथून रक्तातही उतरते. गूळ जातो पोटात, दोघांची गाठच पडत नाही. गुळानं साखर मात्र वाढली होती. मामांनी सगळं ऐकलं आणि बाहेरची पांढरी गाडी तुमचीच का, असं विचारलं. तिचा एअर फिल्टर चोंदलाय म्हणाले.

"तो बदलता येतो, मामा. तुमचा येत नाही," डॉक्टर म्हणाले. "धुरात बसणं आता बंद करा."

परतताना मामा म्हणाले, "साहेब, सगळ्यात घाण धूर तुमच्या टेम्पोचा हाय. इंजिनाच्या डिझेल पंपाचं काम एकदा नीट करून घ्या की."

मी दिवाळीनंतर बघू म्हणालो. ते तात्पुरतं जमवून देत, माझं भागत होतं. मी टेम्पो नेत राहिलो, ते मागे बसत राहिले. मामींनी गूळ कुलपात ठेवला, एवढाच काय तो बदल.

मग एक दिवस चार पावलं चालतानाही धाप लागू लागली आणि मामा काम सोडून कुंभारीला, आपल्या गावी घरी बसले. तेव्हा कुठं मला लाज वाटली. पंप उतरवला, पुरता दुरुस्त करून घेतला. टेम्पो असा झाला, की मागे आमचा पांढरा टॉवेल धरला तरी डाग पडू नये. तो मामांना दाखवायचा होता. या रविवारी, पुढच्या रविवारी करत शेवटी गेलो.

मामी दारातच बसल्या होत्या. मामांना जाऊन तीन दिवस झाले म्हणाल्या.

"आदल्या दिशी इचारत हुते," त्या म्हणाल्या, "साहेबांच्या टेम्पोचा धूर आता कोण बघतंय म्हणून."

आता धूर येत नाही, असं मी सांगितलं. सांगताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.