न्हाणीमागची माती

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बर्नर पेटवत होते. दवाखान्यात मावशीजवळ बसलेल्या शेजारच्या काकू एवढंच म्हणाल्या, “मावशी गेली वं पोरी…” मी बर्नर बंद केला.

आई गेल्यापासून मी अमडापूरला मावशीकडे वाढले. तिला मूलबाळ नव्हतं; घरात आम्ही दोघीच. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. बुलढाण्याला वसतिगृहात राहते. प्रकल्पासाठी आपापल्या गावची माती आणायची होती. मातीतले काही जिवाणू इतर जिवाणूंना मारणारं द्रव्य तयार करतात. कितीतरी औषधं त्यातूनच मिळाली. आता ती जुनी औषधं चालेनाशी झाली, म्हणून नव्यांचा शोध. मी न्हाणीमागच्या केळीखाली चमच्याने उकरत होते, तर मावशी ओरडली, “काऊन वं, कॉलेजात माती भेटत नाही काय? माह्यी केळ पाडतं काय आता?” सगळं सांगितल्यावर हसत सुटली. “म्हंजे माह्या आंघोळीच्या पान्यावर औषध पिकते म्हन!” गल्लीभर सांगून आली.

त्या मातीतल्या एका खडूसारख्या पांढुरक्या वाढीभोवती प्लेटमधल्या अगारवर, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याच्या थरावर, स्वच्छ वर्तुळ उमटलं. प्लेटवर पसरलेले रोगजंतू तिथे वाढलेच नव्हते. पण मोबाइलवर फोटो दाखवायला गेले तोवर मावशी दवाखान्यात होती. पायाची जखम चिघळून संसर्ग रक्तात पोचला होता. रिपोर्टात एकेका औषधापुढे ‘रेझिस्टंट’ छापलेलं, म्हणजे ते औषध या जंतूंवर चालणार नाही… तो शब्द मी परीक्षेसाठी पाठ केला होता.

“मंग हे औषध मले कवा देतं?”

“लय वर्षं लागतात, मावशी. औषध होईलच असंही नाही.”

ती फोटोकडे पाहत राहिली. “बरं. मंग थांबतो मी जरा.”

प्रकल्प संपल्यावर सरांनी सगळ्या प्लेट नष्ट करायला सांगितल्या. असं वर्तुळ पुष्कळांच्या मातीत येतं, हे मलाही माहीत होतं. तरी माझ्या मातीतली ती वाढ जपायला मी एक नळी मागितली. सर म्हणाले, “ठेव. पण दर महिन्याला नव्या अगारवर उतरवत जा, नाहीतर मरेल.”

अमडापूरच्या घराला कुलूप आहे. न्हाणीत पाणी पडत नाही. केळ वाळली, असं काकू सांगतात. सुटीत वसतिगृहातल्या मुली गावी जातात, मी प्रयोगशाळेत. कल्चरचा, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंचा, वास घ्यायचा नसतो, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी घेत नाही. पण बर्नरच्या ज्योतीजवळ नळीचं बूच काढलं की तो येतोच… केळीखालच्या ओल्या मातीचा. मी नव्या नळीत जिवाणूंची रेघ ओढते, आणि जुनीचं बूच लावायला जरा उशीर करते.