गाठ निकिताची सुटली नव्हती

निकिता राठोडवर अन्याय झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी, आखाडा बाळापूरहून कळमनुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी ऐकीव सांगत नाही. ती ज्या गाडीत होती तिच्या मागेच मी मोटारसायकलवर होते.

मी बाळापुरात एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे. आयटीआय केलं, मग इथेच लागले. सुट्टीच्या दिवशी चौकात रस्ता सुरक्षेची पत्रकं वाटते. लोक त्यात भजी बांधून नेतात. असो.

निकिता शाळेकडून सायकलिंग करते. त्या दिवशी हिंगोलीत तिची निवड चाचणी होती. वर्षातून एकदाच होते. तिचे क्रीडाशिक्षक, म्हणजे सर, यांनी आपल्या कारला मागे सायकल रॅक लावून घ्यायचं ठरवलं आणि काम आमच्याकडे आलं.

आधी रॅक कसा बसतो ते सांगते. गाडीच्या मागे, खाली, चेसिसला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला एक चौकोनी लोखंडी पाइप बोल्टने आवळतात. त्याला ट्रेलर हिच म्हणतात. रॅकचा दांडा त्या पाइपात सरकवायचा आणि आरपार पिन घालायची. सायकल त्या दांड्यावर उभी राहते.

आमचे मालक अण्णा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात त्यांचा हात धरणारा या भागात कुणी नाही. पण ट्रॉलीची पिन मुद्दाम सैल ठेवतात. भोक मोठं, पिन बारीक. शेतातल्या चाकोरीत ट्रॉली वळली पाहिजे, वरखाली झाली पाहिजे. ती खडखडली की आमच्याकडे काम बराबर झालं असं समजतात.

पोळ्याच्या संध्याकाळी, बैल मिरवायला जायच्या घाईत, अण्णांनी सरांचा रॅक ट्रॉलीच्याच मापाने बसवला. पिन वरून खाली सोडली, टोकाला तार पिळली आणि दुकान बंद केलं.

सकाळी सर निकिताला घेऊन, निघायच्या आधी हवा भरायला आले. निकिताने सायकल रॅकवर चढवली, पट्टे आवळले, वरून दोर बांधला. मी रॅक दोन्ही हातांनी धरून हलवला. बोटभर खेळत होता.

"अण्णा, हे सैल हाय."

"सैलच पाहिजे. ट्रॉलीला काय ठोकून बसवतो का आपण?"

"ट्रॉली चाकावर चालते अण्णा. ही सायकल अधांतरी हाय. भरलेली घागर कमरेवर घेणं येगळं अन् हात लांब करून धरणं येगळं. दर खड्ड्याला पिन वर उडंल."

"तार हाय की."

"तार किती येळ टिकंल? अन् मागचे लाइट बघा. सायकलच्या चाकानं समदे झाकले."

सर घड्याळ बघत होते. "अगं, तुझं पत्रक परत वाचू. उशीर झाला तर हिला मैदानात घेणार नाहीत."

"सर, सायकल आत घ्या. सीट पाडा."

"सीट कालच धुतलीय." सरांनी दार लावलं.

निकिता मागच्या सीटवर बसली. मला हसून हात केला. अण्णा मला म्हणाले, "करीच्या दिशी तोंड वाकडं करू नको. चल, शटर उचल."

मी शटर उचललं नाही. मोटारसायकल काढली.

गावाबाहेर पडल्यावर गाडीने वेग धरला. मी मागून बघत होते. सायकल आधी डुलत होती, मग मान टाकल्यासारखी खाली-वर व्हायला लागली. मी हॉर्न वाजवला. काचा बंद, आत गाणी. सरांनी आरशातून बघावं तर मागच्या काचेपुढे सायकल आडवी. सर ब्रेक मारत होते की नाही तेही मला कळत नव्हतं, कारण लाइट दिसतच नव्हते.

माझ्या मागून एक जोडपं मोटारसायकलवर आलं. बाईच्या मांडीवर लेकरू. त्यांना पुढे जायचं होतं. मी गाडी आडवी घातली.

"ए बाई, काहून आडवी येऊन राहिली?"

"पुढं जाऊ नका! रॅक पडून राहिला!"

"रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का?"

"व्हय, माझ्या बापाचा! मागं ऱ्हा!"

तो शिव्या देत मागे राहिला. पुढे गतिरोधक होता. सरांनी तो वेगातच घेतला. रॅक उडाला, एकदा डांबरावर आपटला, ठिणग्या निघाल्या, आणि सायकलसकट गरगरत आमच्या दिशेने आला. मी साइडपट्टीवर गेले. मागच्याने ब्रेक मारला. त्याच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर लोखंड थांबलं. लेकरू रडायला लागलं.

सायकलची फ्रेम मधोमध वाकली होती. चाचणी संपली होती, सुरू व्हायच्या आधीच.

सरांनी पुढे गाडी थांबवली. लोक जमले. कुणी तरी मोबाइल काढला. अण्णाही पोचले, कुणी फोन केला होता. येताच पहिला प्रश्न, "दोर कुणी बांधला होता?"

"हिनंच," सर म्हणाले.

"मग! पोरीला गाठ मारता येत न्हाई अन् नाव वर्कशॉपचं."

निकिता वाकलेल्या सायकलजवळ बसली होती. हळूच म्हणाली, "माझंच चुकलं असंल."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तिचा हात धरून तिला उठवलं. "अण्णा, इकडं या. सर, तुमी बी या. दोर बघा. पट्टे बघा. एक तरी सुटला का? सायकल अजून रॅकला बांधलेलीच हाय. तिची गाठ सुटली असती तर सायकल एकटी पडली असती. पडला तो अख्खा रॅक. पिन कुठं हाय? दाखवा मला पिन!"

पिन मागे रस्त्यात सापडली. तुटक्या तारेसकट.

अण्णांनी ती खिशात टाकली. "बघू," म्हणाले. पुढच्या आठवड्यात सरांना नवा रॅक करून दिला. घट्ट दांडा, आडवा बोल्ट, धक्क्याने सैल न होणारा लॉकनट, मागे वेगळे लाइट. काम चांगलं झालं. निकिताला मात्र दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. तिची चाचणी कुणी परत घेतली नाही. व्हिडिओ सगळीकडे गेला, खाली लिहिलेलं : पोरीची गाठ. आता बाजारात लोक तिला विचारतात, "बुटाची नाडी तरी नीट बांधली का गं?"

धडा साधा आहे. ओढायच्या वस्तूला सैलपणा लागतो, टांगायच्या वस्तूला चालत नाही. आणि काही पडलं की आधी लोखंड तपासावं, मग लेकराला बोल लावावा.

तुमच्या गाडीमागे रॅक असेल तर आत्ता उठा. दोन्ही हातांनी धरून हलवा. खेळला तर गाडी काढू नका. मागे उभं राहून बघा, लाइट दिसत नसतील तरी काढू नका. आणि तो व्हिडिओ तुम्ही पुढे पाठवला असेल, तर ज्यांना पाठवला त्या प्रत्येकाला आज फोन करा आणि सांगा, दोर शाबूत होता, पिन निघाली होती. नुसतं डिलीट करू नका. सांगा.